गेटीबाहेरची वाट

विद्यापीठाच्या कचेरीतला तो कारकून बशीतला चहा फुंकून पितो आणि शब्दही तसेच निववून बोलतो. चोरीला तो ‘वस्तू हरवली’ म्हणतो, मारामारीला ‘बाचाबाची’. गेटीबाहेर बसथांब्याच्या वाटेवर एकाने विद्यापीठात शिकणाऱ्या माझ्या मुलीची ओढणी खेचली. मी तक्रार घेऊन गेलो, तेव्हा कारकून म्हणाला, “शेट, ती जागा गेटीभायली. आमच्या हद्दीत गुन्हा घडूकच नाय.”

“त्या मवाल्यानं तुमची हद्द विचारली होती काय?” मी टेबलावर हात आपटला. हरमलच्या बाजारात माझ्या आवाजाने भाव उतरतात. इथे त्याच्या बशीतला चहासुद्धा हिंदकळला नाही.

मुलीने शिक्षण सोडले.

परवा तो कारकून दिसला. त्याची मुलगीही तिथेच शिकते. गेटीबाहेर पडताच त्याने तिचा हात धरला आणि बस येईपर्यंत सोडला नाही.