आई-बाबा घर सोडून गेले तेव्हा

आमच्या ओळखीतल्या सगळ्या कुटुंबांत विमानतळावर मागे उरतात ते आई-वडील. मूल काचेच्या दारातून आत जातं आणि आई बाहेर रेलिंगला धरून उभी राहते. माझ्या बाबतीत उलटं झालं. मी बाहेर उभी होते आणि आई-बाबा ट्रॉली ढकलत आत गेले. मस्कतचं जुनं विमानतळ होतं ते, नवं अजून बांधून व्हायचं होतं. अझैबातल्या आमच्या घरापासून ते इतकं जवळ की टॅक्सीवाला एवढ्याशा भाड्यासाठी कुरकुर करायचा.

बाबांना साठ पूर्ण झाली होती. इथं नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की माणूस संपतो, निदान या देशापुरता. बाबांच्या कंपनीत व्हिसाची कामं बघणारा सालेम नावाचा ओमानी गृहस्थ त्यांना सोडायला आला होता. तो बाबांना नावानं कधीच हाक मारत नसे, मुहंदिस म्हणायचा, म्हणजे इंजिनिअर. त्यानं बाबांना मिठी मारली आणि म्हणाला, "खलास, मुहंदिस. आता आराम."

बाबा हसले. आराम करायला ते चाललेच नव्हते. आईनं मला जवळ घेतलं आणि फ्रिजमधली भाजी दोन दिवसांत संपव म्हणून सांगितलं. मग दोघं आत गेले. बाबांनी वळून पाहिलं नाही. आईनं पाहिलं, पण चष्मा शोधत असल्यासारखं.

ते निघाले होते एका बसमध्ये राहायला. शाळेची जुनी मिनीबस बाबांनी चाकणच्या एका वर्कशॉपमधून बदलून घेतली होती. आत दोन बर्थ, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, पुस्तकांचं कपाट. बाहेर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: चारिका. तथागत गावोगाव फिरत उपदेश करत, त्या फिरण्याला चारिका म्हणतात. आई-बाबा मराठवाड्यातल्या गावांत जाणार होते, एकेका गावात महिना-दोन महिने राहणार, संध्याकाळी मुलांचे वर्ग घेणार, वंदना आणि सुत्तांचे अर्थ शिकवणार. आमच्यातल्या लोकांनी त्यांचं फार कौतुक केलं. निरोपाच्या कार्यक्रमात एक काका म्हणाले, या वयात घर सोडायला धैर्य लागतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घर म्हणजे काय, याबद्दल मला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली गेली होती: ते इथं नाही. अझैबातला फ्लॅट कंपनीचा. भिंतीला खिळा मारायचा नाही. कॅलेंडर टीव्हीला टेकवून ठेवायचं. माझं दहावीचं प्रमाणपत्र आईनं फ्रेम करून घेतलं आणि कपाटात उभं केलं. "आपल्या घरी लावू," ती म्हणायची. आपलं घर चिंचवडला होतं, तिसऱ्या मजल्यावर. मी दुसरीत असताना घेतलेलं. त्यातली बाल्कनीची खोली माझी. रंग मी स्वतः निवडला होता, फिकट जांभळा, दुकानातल्या रंगांच्या पट्टीवर बोट ठेवून.

त्या खोलीत मी दर जुलैत पंधरा दिवस राहायचे. गादीवरचं प्लास्टिक काढायचं नाही, कारण परत जाताना पुन्हा घालावं लागतं. रात्री कूस बदलली की ते करकरायचं. मस्कतहून नेलेला डिनर सेट खोक्यातच, चांगल्या चादरी सुटकेसमध्ये. सगळं "कायमचं आल्यावर" वापरायचं होतं. तुमच्यापैकी जे इकडे आखातात आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. तुमच्याही घरी असा एक डिनर सेट असणार. जे तिकडे आहेत त्यांना सांगते: आम्ही तुमच्यासाठी चॉकलेटं आणि टॅंगचे डबे आणत होतो, तेव्हा आम्ही श्रीमंत दिसत असू. खरं म्हणजे आम्ही वाट बघत होतो.

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी आईकडून आणि शुक्रवारच्या वंदनेतून आली. वर्गात कोणी "व्हेअर आर यू फ्रॉम" विचारलं की मी चिंचवडचं नाव सांगायचे आणि मनात ती जांभळी भिंत यायची. चिंचवडची एकही गल्ली मला नीट माहीत नव्हती, पण भिंत माहीत होती.

ती भिंत गेल्याचं मला जेवताना कळलं. बाबांच्या निवृत्तीला काही महिने होते. माझी मस्कतजवळच्या सीबमध्ये एका मालवाहतुकीच्या ऑफिसात नोकरी लागली होती आणि व्हिसाही आता माझा स्वतःचा झाला होता.

बाबा म्हणाले, "फ्लॅटचं झालं बरं का. टोकन घेतलं."

मी विचारलं, कुठल्या फ्लॅटचं.

"आपल्या. चिंचवडच्या."

मग त्यांनी समजावून सांगितलं. बस, तिची दुरुस्ती, पुढची काही वर्षं फिरायचा खर्च. बंद घर सांभाळण्यात अर्थ नाही. शिवाय मला आता नोकरी आहे, पुढे लग्न होऊन मी जाईनच. तथागतांनी तर राजवाडा सोडला, आपण टू बीएचके सोडतोय, असं म्हणून ते स्वतःच हसले. आई ताटात बघत होती. मी "ओके" म्हणाले. झालेल्या गोष्टीला दुसरं काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं.

ते गेल्यावर आठवड्याभरात कंपनीनं अझैबातला फ्लॅट दुसऱ्या कुटुंबाला दिला. मी सीबमध्ये शबनमभाभींच्या घरात एक खोली घेतली. भाभी रत्नागिरीच्या. त्यांचे मिस्टर सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, एका कापडाच्या दुकानात होते. दोन मुलं इंडियन स्कूलला, आपसात इंग्रजीत भांडायची. मी पेइंग गेस्ट, त्यामुळे पहिले दोन महिने स्वयंपाकघरात फक्त चहा करायचे आणि कप लगेच धुऊन ठेवायचे. भाभी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "काय गो, जेवलीस की नाय? की नुसता चहाच पिऊन जगायचं ठरवलंस?" मी जेवले म्हणायचे. त्यांना ते खोटं वाटायचं आणि ते खोटंच असायचं.

बाबा व्हिडिओ पाठवायचे. बस एका विहारासमोर उभी, बस शाळेच्या मैदानात, आई फळ्यापाशी. व्हॉट्सअ‍ॅपवर इथून कॉल लागत नसे, म्हणून दुसऱ्या एका अ‍ॅपवर बोलायचो आणि त्यात आवाज मागून यायचा. आईचे ओठ हलायचे, मग शब्द. मी प्रत्येक वेळी बसच्या आतलं बघायचे. दोन बर्थ. तिसऱ्यासाठी जागा कुठं करता आली असती, ते मी मनात मांडून बघायचे. पुस्तकांच्या कपाटाच्या जागी झाली असती.

वर्षानं मी रजा काढून गेले. इंडियात उतरल्यावर कुठं जायचं हे पहिल्यांदा मला विचारून घ्यावं लागलं. बाबांनी गावाचं नाव कळवलं, बीडच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत. बस विहाराशेजारी उभी होती, टपावर आईची साडी वाळत होती. माझी झोपायची सोय विहारातल्या खोलीत केली होती, सतरंजी आणि नवीन उशी. गावातल्या बायका मला बघायला आल्या. बाबांनी ओळख करून दिली, "ही आमची करुणा. मस्कतला असते." मी तिथली होते हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, जसं काही ते नेहमीच तसं म्हणत आले होते.

आणि आई. ती मला ओळखूच आली नाही. अझैबात ती चार भिंतींत दुपारी झोपा काढायची, एकटी भाजी आणायलाही बिचकायची. इथं ती मुलींना रांगेत बसवत होती, एका आजीच्या डोळ्यांत थेंब घालत होती, सरपंचबाईंना दटावत होती. बाबा मुलांना वर्गात पिटाळताना "यल्ला, यल्ला" म्हणायचे. आता ती बीडकडची पोरंही एकमेकांना "यल्ला" म्हणून ढकलत होती. ओमानमधलं तेवढं एक त्यांनी बरोबर आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा विहाराच्या ओट्यावर राहुलची गोष्ट सांगत होते. मी मागे खांबाला टेकून बसले होते. तथागत कितीतरी वर्षांनी कपिलवस्तूला आले, यशोधरेनं मुलाला सांगितलं, ते बघ तुझे वडील, जा, तुझा वारसा माग. राहुल त्यांच्या मागे मागे गेला, मला माझा वारसा द्या म्हणत. तथागतांनी त्याला संघात घेतलं. आजोबा शुद्धोदन फार दुखावले. मुलगा गेला, आता नातूही गेला. त्यांनी तथागतांना विनंती केली, यापुढे आई-वडिलांच्या परवानगीशिवाय कुठल्याही मुलाला दीक्षा देऊ नका. "आणि तेव्हापासून," बाबा म्हणाले, "तसा नियमच झाला."

मी शाळेत दहा वर्षांत एकदाही हात वर केला नव्हता. त्या दिवशीही केला नाही, नुसतं बोलले. "आणि आई-वडिलांना जायचं असेल तर? मुलांची परवानगी घ्यायचा नियम नाही का, बाबा?"

सगळी मुलं मागे वळली. बाबा काही बोलायच्या आत पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी म्हणाली, "आमच्या पप्पांनी पण नाही विचारलं. पुण्याला गेले."

बाबांनी तिला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला, पप्पा कामासाठी गेलेत, दिवाळीला येतील, असं बराच वेळ सांगत राहिले. मग वर्ग संपवला.

आई बसच्या पायरीवर चहाचं आधण ठेवत होती. "चारचौघांत बापाला असं बोलतात होय?" ती म्हणाली.

बाबा मागून आले. पायरीवर बसले. "तू ओके म्हणाली होतीस," ते म्हणाले.

"टोकन घेतल्यावर."

"आधी विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"हो म्हणाले असते, बाबा. पण ते म्हणायला मिळायला हवं होतं."

बाबा नेहमीच्या आवाजात म्हणाले की घर हे शेवटी एक बंधन असतं, ते सुटलं की माणूस हलका होतो. मला खूप राग आला. मी म्हटलं, "तुम्ही सोडलंत. सोडायला आधी असावं लागतं. मला ते कधी मिळालंच नाही. तिकडं खिळा मारू दिला नाही, आणि इकडचं विकून टाकलं."

त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यांनी लपवलं नव्हतं, टाळलं नव्हतं. आलंच नव्हतं. ते उठून टाकीत पाणी किती आहे ते बघायला गेले.

आईनं माझ्या हातात कप दिला. "मला तरी कोणी विचारलं होतं, करू?" ती म्हणाली. "लग्न झालं, तिकीट आलं, मी मस्कतला गेले. शिक्षिकेची नोकरी सोडून. ही बस म्हणजे पहिली गोष्ट, जी तुझ्या बाबांनी मला विचारून केली."

आमच्या घरात परवानगी विचारायची सुरुवात झाली होती, पण ती आईपर्यंत येऊन थांबली. तिच्यावर रागवायचं माझ्याकडून त्या दिवशी सुटलं. बाबांवरचं सुटलं नाही. अजूनही फोनवर मी त्यांना तब्येत विचारते, बसचं इंजिन विचारते, आणि ते मला ऑफिस विचारतात. ते चांगलं काम करतात. त्या गावातली मुलं त्यांच्यावर जीव टाकतात. ते काम चांगलं आहे म्हणून मला झालेलं कमी होत नाही, हे मी कुणाला सांगायला गेले की लोक मला स्वार्थी समजतात. म्हणून इथं लिहिते आहे.

परत आल्यावर शबनमभाभींनी दार उघडलं आणि "आलीस घरी?" एवढं म्हणून कढईकडे वळल्या. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण त्यांना बोंबील करपायची धास्ती होती.

काही महिन्यांनी त्यांच्या मिस्टरांना सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चांगली नोकरी मिळायची चिन्हं दिसू लागली. सोहार लांब. रोज जाऊन-येऊन जमणार नाही, सीबचं घर सोडावं लागणार. एका शुक्रवारी जेवण झाल्यावर भाभींनी मुलांना आत पाठवलं, मिस्टरांना टीव्ही बंद करायला लावला आणि मला समोर बसवलं. मला वाटलं, खोली कधी रिकामी करायची ते सांगणार. मी तयारी करूनच बसले.

भाभी म्हणाल्या, "यांना अजून हो कळवायचं हाय. तू सांग. जावं की नको?"

मला नीट समजलं नाही. मी म्हटलं, मला कशाला विचारता, मी तर भाडेकरू.

"ह्या घरात तू पण राहतेस की," त्या म्हणाल्या. "तुला न विचारता कसं मोडायचं?"

त्यांचे मिस्टर खाली मान घालून खरोखर माझ्या उत्तराची वाट बघत होते. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मी नको म्हटलं असतं तर ते गेले नसते, असं मी समजत नाही. कदाचित गेलेच असते. पण त्यांनी होकार अजून कळवला नव्हता, आणि त्या खोलीत माझ्या उत्तराला जागा ठेवली होती.

मी म्हटलं, "जा. नोकरी चांगली आहे."

भाभींनी पदरानं डोळे पुसले आणि माझं पुढं काय, ते विचारायला लागल्या. मी बघेन म्हटलं. दुसरी खोली, दुसरी कुणीतरी भाभी. व्हिसा आहे तोवर इथं, नाही तर कुठं ते मला माहीत नाही. पण ती दहा मिनिटं मी घरी होते, आणि घर मोडायला हो म्हणून मी माझ्या खोलीत गेले.