मब्रूकामावशीचे दोन नवरे

आमच्या मत्माता गावात जमिनीत खणलेल्या घरांमध्ये आता फारसं कुणी राहत नाही. मब्रूकामावशीही वर सिमेंटच्या घरात राहते. पण सकाळी जेर्बा बेटावरच्या हॉटेलांतून पर्यटकांच्या बसेस यायला लागल्या की ती खालच्या जुन्या घरात उतरते आणि मातीच्या भट्टीत रोट्या लावते. प्रत्येक बसला रोटी फुगताना दिसायलाच हवी, असा गाइड नाजीचा हट्ट. पाहुणे एक तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवून चाखायचे आणि निघून जायचे. उरलेल्या रोट्या मावशी गल्लीत फुकट वाटायची.

यात तिचा सख्खा भाऊ लसअद पुरता बुडाला. गावातली एकुलती एक बेकरी त्याची.

"ताई, उपाशी मारणार आहेस का मला?" तो एक दिवस खाली येऊन म्हणाला. "आज सकाळपासून दोन पाव खपले. त्यातला एक मीच खाल्ला."

"मग उपाशी कुठे आहेस? बस इथे आणि रोटी खा. खाणारा माणूस दिसला की पाहुणे खूश होतात म्हणे."

लसअदनं बेकरीला कुलूप घातलं आणि तो रोज चटईवर बसून चवीनं जेवू लागला. नाजी जर्मन भाषेत काहीतरी सांगायचा, पाहुणे दोघांकडे बघून गोड हसायचे, आणि ही भावंडंही काही न कळता मान डोलवायची.

मावशीचा नवरा बलगासम तरुणपणी जर्मनीत राबला होता, नंतर गाबेस शहरातल्या कारखान्यात. निवृत्त होऊन तो घरी आला, तो नेमका बसच्या मागोमाग. खाली नाजी सांगत होता, "इतक्या वर्षांचा संसार, पण नवराबायकोचं प्रेम बघा."

बलगासमनं पिशवी खाली ठेवली आणि जर्मनमध्येच विचारलं, "मग मी कोण?"

नाजी गडबडला. "हे... हेही नवराच."

सगळे कॅमेरे बलगासमकडे वळले. त्यानं मावशीला अर्थ सांगितला, तशी तिनं पिठाच्या हातानंच नाजीच्या कानाखाली वाजवली. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी दोन बसेस जास्त आल्या.

"मावशी, हॉटेलांत सगळीकडे तुमचंच नाव आहे," नाजी लांब उभा राहून म्हणाला.

"असू दे. लसअद माझा भाऊ, हे आधी सांगायचं. रोटी मी दिवसातून एकदाच लावणार. पुढच्या बसना त्याच्या बेकरीतले पाव द्यायचे, तू विकत घेऊन."

नाजीला मान्य करावंच लागलं. बेकरी पुन्हा उघडली. चटईवर आता बलगासम बसतो, कपाळाला आठ्या घालून.

"काका, जरा हसा ना," नाजी विनवतो.

"हसायचे पैसे वेगळे पडतील," बलगासम जर्मनमध्ये सांगतो. पाहुण्यांना तो लसअदपेक्षा जास्त आवडतो.