बिनशुल्काची बिजागरी

राष्ट्राची अर्थव्यवस्था हा एक भव्य दरवाजा आहे आणि तो किती उघडायचा हे दूरदृष्टीची माणसे ठरवतात. हे वाक्य मी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, लघुउद्योजकांच्या सभेत ऐकले. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेले भावोजी मला हळूच म्हणाले, "उघडू देत कितीही. बिजागरी माझी लागली पाहिजे."

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वसाहतीतल्या एका गाळ्यात ते पोलादाच्या पट्टीपासून बिजागऱ्या बनवत. दोन प्रेस होते आणि ते चालवणारे मालवणकडचे दोन गाववाले. बहुतेक सगळा माल घाटकोपरचा एक घाऊक व्यापारी उचलायचा.

ती सभा आनंदाची होती. आशियातल्या देशांच्या मोठ्या व्यापारी गटात आपण सामील होणार नाही, असे सरकारने जाहीर केले होते आणि संघटनेने तो स्वतःचा विजय मानला होता. संघटनेला कोणी विचारले नव्हते, पण पेढे वाटले गेले. परत येताना मी म्हणालो, "भावोजी, त्यातल्या बऱ्याच देशांशी आपला जुना करार आहेच. तिथला माल आजही बिनशुल्क येतो."

"पेढो सुद्धा तुका कडूच लागतलो," ते म्हणाले.

पुढे एकदा घाटकोपरच्या व्यापाऱ्याने त्यांना बोलावून घेतले. डोके फिरले तर आवर, असे सांगून ताईने मला सोबत धाडले. व्यापाऱ्याने गल्ल्यावर दोन बिजागऱ्या ठेवल्या. एक भावोजींची, दुसरी समुद्रापलीकडून आलेली.

"भाऊ, तुमचा माल झकास आहे," तो म्हणाला. "पण ही स्वस्त पडते. आणि दार लागल्यावर बिजागरीकडे बघतो कोण?"

भावोजींनी परकी बिजागरी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग मला विचारले, "एवढी स्वस्त कशी रे?"

मी सांगितले. बाहेरून येणाऱ्या पोलादाच्या पट्टीवर, देशातले पोलाद कारखाने जगावेत म्हणून, जादा शुल्क आहे. त्यामुळे इथली पट्टीही महागली. तयार बिजागरी मात्र जुन्या करारातून येते.

"म्हणजे पट्टी आणली तर शुल्क, आणि तीच वाकवून, भोकं पाडून आणली तर माफ?"

"हो."

"हे लिहिलं कोणी?"

"दोन वेगळ्या खात्यांनी."

त्यांना आवरायची वेळ आलीच नाही. व्यापाऱ्याला विचारून त्यांनी ती परकी बिजागरी खिशात टाकली, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

करारात एक अट असते : माल खरोखर त्या देशात बनलेला हवा, नुसता खोक्यात भरलेला नको. हा माल नुसता खोक्यात भरलेला असावा असा भावोजींना संशय होता, म्हणून त्यांनी तक्रार केली. उत्तर आले की प्रमाणपत्र नियमानुसार आहे. संशय नियमानुसार नव्हता.

मग सरकारला देशी उद्योगाची आठवण झाली. बिजागरीवर दर्जाचा शिक्का सक्तीचा झाला, म्हणजे बाहेरचा हलका माल आपोआप थांबेल. शिक्क्यासाठी चाचणी हवी, चाचणीसाठी यंत्र हवे, आणि ते ठेवायला भावोजींच्या गाळ्याएवढाच आणखी एक गाळा हवा. तपासायला आलेल्या साहेबांना भावोजी म्हणाले, "आमच्या संडासाचं दार बघा. गाळा घेतला तेव्हापासूनची माझी बिजागरी आहे, अख्खा मजला वापरतो." साहेबांनी संडास वापरला, पण नोंद केली नाही. लहान उद्योगांना मुदत मिळाली. ती सरकारने दिली होती, गिऱ्हाइकांनी नाही. परदेशातल्या मोठ्या कारखान्याने मात्र शिक्का कधीच मिळवला होता.

"हे हल्ली कुणाकडे गेले की आधी दारं हलवून बघतात," ताई मला म्हणाली. "लोकांना वाटतं कडी बिघडलीय. तू एवढं वाचतोस, यातून काही मार्ग निघतो का रे?"

मी एवढे वाचतो, तरी मार्ग निघाला नाही. मार्ग घाटकोपरच्या व्यापाऱ्याने काढला. म्हणाला, तुम्हाला माल कळतो, तुम्हीच बाहेरून मागवा, मी उचलतो. भावोजींनी शेवटी होकार दिला. मग दोन्ही प्रेस भंगारवाल्याने नेले. प्रेस टेम्पोत चढवायला ते दोघे गाववालेच लागले, कारण वजन कुठे धरायचे ते त्यांनाच माहीत होते. आता ते दोघे गाळ्यातच परदेशी बिजागऱ्यांच्या खोक्यांवर लेबले चिकटवतात. आयात मालावर आयातदाराचे नाव लागते, तसा नियम आहे. नाव भावोजींचे आहे.

त्या वर्षीही दसऱ्याला ताईने गाळ्यात पूजेचा हट्ट धरला. यंत्र नव्हते, म्हणून झेंडूचा हार खोक्यांच्या थप्पीला घातला, हळदकुंकू वाहिले, नारळ बाहेर पायरीवर फोडला. भावोजींनी हात जोडून बराच वेळ डोळे मिटले. पाणी शिंपडले नाही, कारण खोकी पुठ्ठ्याची होती.