माळ्याचं अस्तर

आमच्या रहिमतपूरच्या जुन्या घरात माझं शिलाई मशीन पुढच्या सोप्यात होतं, आणि सोप्यातच सासऱ्यांची मित्रमंडळी पत्ते कुटत बसायची. आता चार बाप्यांसमोर कुठली बाई ब्लाऊजचं माप देईल? बायका दारातून डोकवायच्या, "नंतर येते" म्हणायच्या आणि दुसऱ्या टेलरकडे जायच्या. माझा हात चांगला होता, पण गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत फिरत होतं. नवरा फौजेत, लांब. मला जागा हवी होती आणि घरात जागा एकच उरली होती, ती म्हणजे माळा.

माळ्यावर पोती होती, मोडकी बाज होती आणि उंदीर होते. जुनी कौलं उतरवून सासऱ्यांनीच हौसेनं वर पत्रा घातला होता, त्यामुळे उन्हाळ्यात तिथं उभं राहवत नसे.

"वर बसलीस तर शिजशील, पोरी," म्हणत सासरे हसले.

मला कुणी हसलेलं मुळीच खपत नाही. मी म्हटलं, "मामा, माळा गार करून दाखवला तर?"

"मग मे म्हैन्यात दुपारचं जेवून मीच वर झोपतो. च्या हुईपतोर टिकलो तर माळा तुजा. न्हाई टिकलो तर पोती परत वर."

माझा धाकटा भाऊ कुपवाडला, शीतगृहाच्या खोल्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. त्याला फोन केला. "आक्का, आमी बेदाणा गार ठेवतो, तुला ठेवायला काय हुतंय?" म्हणत तो टेम्पोतून थर्माकोलचे जाड तक्ते घेऊन आला. ते त्यानं पत्र्याला आतून घट्ट चिकटवले, फटी बुजवल्या, झरोकाही बंद केला. मग आम्ही मोठ्या ऐटीत आत जाऊन बसलो आणि थोड्याच वेळात घामाघूम होऊन बाहेर पडलो. शीतगृहाला गार करणारं यंत्र असतं, हे आम्ही दोघे शहाणे विसरलोच होतो.

खालून सासऱ्यांनी विचारलं, "झाला का बेदाणा?"

अस्सा राग आला! त्या रागातच एका ब्लाऊजला अस्तर लावायला बसले. सुई ओढता ओढता लक्षात आलं, अस्तर मी कधी कापडाला चिकटवत नाही. सुटं ठेवते, म्हणजे अंगाला वारा लागतो. मग माळ्याचं अस्तर का चिकटवलं?

"सगळं काढ," मी भावाला म्हटलं. तो खूप कुरकुरला, पण त्यानं काढलं. पत्र्याखाली लाकडी पट्ट्या ठोकून तक्ते वीतभर खाली घेतले आणि त्यांना खालून प्लायवूड लावलं. त्या पोकळीतली गरम हवा निघून जावी म्हणून दोन्ही टोकांना जाळ्या बसवल्या. समोरासमोर खिडक्या पाडल्या. बायकांना सोप्यातून यायला नको म्हणून मागच्या परड्याच्या बाजूनं शिडी लावली.

मे महिन्यातल्या एका दुपारी सासरे पाण्याचा तांब्या आणि विंझणा घेऊन वर चढले. तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आत्ता परत येतो. मी खाली चुलीपाशी उभी. मी पैज हरले तर त्या पत्तेवाल्यांच्या गराड्यात माझा जन्म जाणार होता. वरून बाज करकरली, खोकला ऐकू आला, विंझण्याची फडफड थोडा वेळ चालली आणि थांबली.

मग घोरणं सुरू झालं. एवढं गोड घोरणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं! चहा झाला, निवला, दुसऱ्यांदा गरम केला, तरी स्वारी उठेना. शेवटी मीच हाक मारून उठवलं.

उतरताना ते एवढंच बोलले, "शिडी लय उभी हाय. बायका कशा चढत्याल? कठडा बसवून घे."

कठडा बसला, मशीन वर गेलं, आणि दार लावून बायका मोकळेपणानं मापं द्यायला लागल्या. माळ्याच्या गारव्याची बातमी पत्तेवाल्यांनाही लागली. एका दुपारी मी शिवत असताना त्यांच्यातले एकजण खाली म्हणाले, "चला की रं, आज वरच बसू."

"न्हाई गड्या," सासऱ्यांचा आवाज आला. "ते माज्या सुनंचं दुकान हाय. तिला इचारल्याबिगर मीबी वर जात न्हाई."