रीड-ओन्ली झालेला डाव

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर आहे, आमच्या तांड्यातला पहिला पदवीधर. हे मी छाती फुगवून सांगतो. उतारा, अंगात येणं, असले प्रकार मी घरातून बंद केले. त्यामुळे पुढचं लिहायला लाज वाटते... तरी लिहितो.

तांडा बाभुळगावपासून जवळच. माझे वडील—बापू—आणि गावातले नामदेवकाका यांची बुद्धिबळाची बैठक माझ्या जन्माआधीपासूनची. खेळ देशी. त्यात शह बसायच्या आधी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. आणि डाव अर्धा सोडून उठायचं नाही. उठायचंच तर दोघांनी बरोबरी कबूल करायची.

काका यवतमाळला दवाखान्यात भरती झाले. खाटेवर सोंगट्या घरंगळायच्या, म्हणून मी लॅपटॉपवर चेसचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. काकांनी राजा अडीच घरं नेऊन पाहिला. सॉफ्टवेअरने परत जागेवर ठेवला.

"बाबू, तुह्या मशीनले एवढं बी येत नाही का?"

"काका, हे इंटरनॅशनल नियमानं चालते."

"मंग आमच्यात कायले आणलं त्याले?"

बापू हसले. काका त्यांना म्हणाले, "हासू नको बे. हा डाव संपला का तुले संगंच घेऊन जातो."

चाल काकांची होती. ते थकले, म्हणून मी डाव सेव्ह केला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेले.

बापूंनी जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी पाणीही नको म्हणाले. "डाव अर्धा हाय. बरोबरी लिहून टाक, त्याले मोकळा कर."

दुपारी बसलो. फाइल उघडली, डाव होता तसाच होता. 'ड्रॉ' टाकून सेव्ह दाबलं—फाइल रीड-ओन्ली आहे, सेव्ह होणार नाही. साधी गोष्ट. प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीची टिक काढली, अप्लाय केलं. पुन्हा पाहतो तर टिक जागेवर. डाव प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये सेव्ह झाला होता आणि तिथे विंडोज सहजी लिहू देत नाही, हे मला माहीत होतं. फुल कंट्रोल दिला, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं. तेच. शेवटी फाइल डॉक्युमेंट्समध्ये कॉपी केली. तिथली टिक निघाली. उघडली.

काकांचा राजा आपल्या घरात नव्हता. अडीच घरं पुढे उभा होता.

लॅपटॉपचा पासवर्ड एकट्या मला माहीत. मूळ फाइल उघडली, त्यातही तेच. बदलल्याची तारीख मात्र दवाखान्यातलीच. नवीन डाव लावून तीच उडी माउसने मारून पाहिली. राजा परत जागेवर.

बापू मागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. त्यांनी बराच वेळ पट पाहिला. मग याडीला, म्हणजे माझ्या आईला, भाकर वाढायला सांगितलं.

"चालला तो. आता माही पाळी. माहा उंट पुढं घे."

डाव संपला का संगंच घेऊन जातो, हे काकांचं बोलणं डोक्यातून जाईना.

"बापू, फाइल लॉक झाली."

"काहून? तू तं हेच शिकला ना?"

"नाही जमत मले," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

ते जेवायला बसले, तेव्हा त्या कॉपीला रीड-ओन्लीची टिक मी स्वतःच्या हाताने लावली.

बापू आता नीट जेवतात. रोज विचारतात, "सुधरलं का?" मी नाही म्हणतो, आणि ते बाहेर गेले की टिक आहे ना, पाहून घेतो. फाइल करप्ट झाली असेल, असं मित्र म्हणतात. असेल... मला पटत नाही, दुसरं काही सुचतही नाही. तुमच्यापैकी कोणाला उलगडलं तर जरूर लिहा. फक्त पुढची चाल करून पाहा, असं कोणी सुचवू नका.