काख कोरडी झाली का?

डॉक्टरीणबाईंनी यांच्या डोळ्यावर टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. "बघा, बाहुली केवढी झालीय." मी वाकून पाहिलं. तिळाएवढी. त्या म्हणाल्या, याला पिनपॉइंट प्युपिल म्हणतात, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी झालेली बाहुली. आजाराचं नाव ऑर्गॅनोफॉस्फरस पॉयझनिंग. साध्या भाषेत, फवारणीचं विष अंगात भिनलंय.

मी नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजनं घेता घेता त्यांच्या आयांना चार गोष्टी सुनावायची मला सवय. त्या दिवशी अमरावतीच्या दवाखान्यात मात्र माझीच बोलती बंद झाली. आमचे हे, म्हणजे देविदासराव, खाटेवर पडलेले. तोंडातून लाळेची धार, अंग घामानं निथळलेलं, छातीत नुसती घरघर. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की मी यांच्याशी शेवटचं काय बोलले.

काय बोलले ते सांगते. दुपारी हे कपाशीवर औषध मारून आले आणि ओट्यावर बसले. तोंड भरलेलं. काहीतरी सांगू पाहत होते, पण नुसतं उं उं करत होते. आता आमच्या वऱ्हाडात नवऱ्याचं तोंड भरलेलं दिसलं की बायको काय समजणार? खर्रा! सुपारी-तंबाखूचा, पन्नीत घोटलेला. पोळ्याच्या दिवशी यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तो सोडला होता. मी तिथंच कडाडले, "खाल्ला ना खर्रा? थुंका पहिले, मंग बोला." आणि पाठ फिरवून पोळ्या लाटायला गेले.

दहा मिनिटांनी बाहेर येऊन पाहते तर हे ओट्याखाली आडवे. उलटी झालेली, दंडाचं मांस आपोआप फडफडत होतं. लाळ पांढरी, फेसाळ होती. खर्ऱ्याचा रंगसुद्धा नाही. मी अंगणात धावत जाऊन ओरडले.

शेजारचे सलीमभाई फवारणीचे पंप दुरुस्त करतात. ते धावत आले. कोणीतरी ताक आणलं होतं पाजायला, त्यांनी तो गिलास बाजूला सारला. म्हणाले, "भाभी, कुछ मत पिलाओ. पहिले कपडे काढा, साबणानं धुवा." आम्ही धुतलं, सलीमभाईंनी यांना कुशीवर वळवून आपल्या जुन्या व्हॅनमध्ये घातलं, आणि औषधाची बाटलीही माझ्या पिशवीत टाकली. तुमच्यावर असा प्रसंग आला तर एवढंच लक्षात ठेवा: कपडे, साबण, कूस, बाटली. आणि ताक नको, दूध नको, तूप तर मुळीच नको.

डॉक्टरीणबाई पुण्यात वाढलेल्या, वऱ्हाडात नव्या. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "औषध मारून आले अन् पडले." त्यांनी चमकून विचारलं, "कोणी मारलं यांना?" आता यांना काय सांगू कपाळ! मी घाबरून नुसतं औषध, औषध म्हणत राहिले. त्यांनी कागदावर लिहिलं, औषध घेतले.

आमच्याकडे औषध मारलं म्हणजे फवारलं, आणि औषध घेतलं म्हणजे जीव द्यायला निघाला. पेपर उघडला की तीच बातमी दिसायची अशी ती वर्षं होती. बाकावरचे दोघं लगेच कुजबुजायला लागले. मी बाटली टेबलावर आपटली, "मारलं, बाई. पेले नाहीत." त्यांनी शांतपणे सांगितलं की उपचार तोच आहे, शुद्धीवर आले की त्यांनाच विचारू. पण खोटं कशाला बोलू? त्या क्षणापासून माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. खर्रा नव्हता तर मग तोंडात काय गेलं होतं? आणि मला काय सांगायचं होतं यांना?

त्यांनी ॲट्रोपिन नावाचं इंजेक्शन सुरू केलं. दर थोड्या वेळानं डोस वाढवायचा. तेवढ्या वेळात त्यांनी मला समजावलं ते मी तुम्हाला सांगते. आपल्या अंगात काही कामं आपल्याला न विचारता चालतात: लाळ, घाम, काळजाचे ठोके, आतड्यांची हालचाल, बाहुलीचं लहानमोठं होणं. ती चालवणारी ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम, म्हणजे आपल्या हुकमाबाहेरची नसांची व्यवस्था. तिच्यात निरोप नेणारा एक रस असतो. निरोप पोचला की तो रस पुसून टाकणारा एक कामगार असतो. फवारणीचं विष त्या पुसणाऱ्याचेच हात बांधतं. मग लाळ सोड, घाम सोड, हाच निरोप वाजत राहतो. मोटार चालू आहे आणि बंद करणारा माणूस बांधून ठेवलाय, असं मला ते समजलं.

ॲट्रोपिन विष काढत नाही. ते निरोप पोचायच्या दारात जाऊन बसतं, आत शिरू देत नाही. बांधलेल्या कामगाराला सोडवायला दुसरं औषध, प्रॅलिडॉक्झिम. त्याला सगळे पाम म्हणतात.

मग त्यांनी मला काम दिलं. "काखेत हात घालून बघत राहा. काख कोरडी झाली की मला सांगा. छातीतली घरघर थांबते, नाडी वाढते आणि काख कोरडी होते, तेव्हा औषध पुरेसं झालं असं समजतो."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. चार लोकांत यांचा हात मी कधी धरला नव्हता. त्या दिवशी भरल्या वॉर्डात दर पाच मिनिटांनी यांच्या काखेत हात! ओली. पुन्हा ओली. आमच्या भागात सारं गाव ओलीसाठी देव पाण्यात घालून बसतं, आणि मी म्हणत होते, खंडेश्वरा, याले कोरडा कर रे बापा. चौथ्यांदा की पाचव्यांदा, हात घातला आणि बोटं घसरलीच नाहीत. मी ओरडले, "कोरडी झाली!" बाजूच्या खाटेवरची आजी दचकून उठून बसली. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, हसल्या आणि म्हणाल्या, "छान. आता ड्रिपवर ठेवू."

दुसऱ्या दिवशी नवंच खूळ. यांचे गाल लाल, बाहुल्या बोराएवढ्या, आणि हे चादरीवरून काहीतरी वेचून राहिले! दोन बोटांनी उचलायचं, कमरेशी नेऊन सोडायचं. कपाशी वेचत होते. सिस्टर सलाइन बदलायला आली तर तिला म्हणतात, "ओळ सोडू नको, बाई. पाठीमागं बोंड राह्यलं." ती बिचारी अचलपूरची, शेतकऱ्याचीच लेक. तिनं खाली वाकून ते बोंड वेचलं आणि यांच्या ओंजळीत टाकलं. मी आधी रडले, मग हसले, मग दोन्ही सोबतच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला डिलिरियम म्हणतात, म्हणजे भ्रम. ॲट्रोपिन थोडं जास्त झालं की होतो, डोस कमी करू. धोतऱ्याच्या झाडात हेच द्रव्य असतं. मी तोंडात बोट घातलं. महादेवाला वाहतो तो धोतरा! आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, केवढा माजलाय. पण माझ्या मनातलं ओळखून त्यांनी दटावलं, की घरी वाटून पाजायचा विचारही करू नका, त्यानं माणूस मरतो. तुम्हीही करू नका. मोजून द्यायचं काम ज्याचं त्याला करू द्या.

पुढचे तीन दिवस रोज सकाळी त्या यांना उशीवरून मान उचलायला लावायच्या. दोनचार दिवसांनी मानेतलं आणि श्वासाचं बळ जाऊ शकतं, त्याला इंटरमिजिएट सिंड्रोम म्हणतात. हे मान उचलायचे तेव्हा माझीही मान आपोआप वर जायची. यांचं बळ गेलं नाही.

भ्रम ओसरला, जीभ लाकडासारखी कोरडी होती ती ओलावली, आणि चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी खाटेशी बसून विचारलं, "देविदासराव, खरं सांगा. औषध तोंडात कसं गेलं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.  अठरा वर्षं ज्याच्या जेवणातलं मीठही मला कळतं, त्या माणसाच्या मनातलं मला कळलं नाही की काय?

मग हे डॉक्टरीणबाईंच्या कानाशी झुकले. यांना वाटलं आपण हळू बोलतोय, पण ऐकलं साऱ्या वॉर्डानं. "मॅडम, खर्रा खाल्ला. धुऱ्यावर. हात धुतलेच नाई, त्याच हातानं तोंडात टाकला. हिले सांगू नका."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहायला लागल्या. मी यांच्याकडे. आणि मला जे हसू फुटलं, ते पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. माणूस मरणाच्या दारात चार दिवस पडला, पण बायकोच्या भीतीनं खर्रा लपवून राहिला! बाजूची आजी म्हणाली, "मार वं त्याले आता." मी म्हटलं, बिछान्यातून उठू तर द्या.

कागदावरचं ते वाक्य डॉक्टरीणबाईंनी खोडलं. वर लिहिलं, फवारणी करताना अपघाताने. आणि मला म्हणाल्या, तुमच्याकडची भाषा मला आता आली.

ओट्यावर त्या दुपारी काय सांगत होतात, हे मी व्हॅनमध्ये परत येताना विचारलं. पुढं सलीमभाई मुद्दाम रस्त्याकडे पाहत होते. हे म्हणाले, "तेच सांगत होतो. तोंडात लाळ मावेना, मले गरगरून राह्यलं, अन् मी खर्रा खाल्ला, पोरीची शपथ मोडली, माफ कर." एवढं बोलायला निघालेला माणूस, आणि मी म्हणाले होते थुंका पहिले. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. मी खिडकीबाहेर पाहून डोळे पुसले.

खर्रा तेव्हापासून खरंच सुटला. आता फवारणीला रबरी हातमोजे, तोंडाला रुमाल, वाऱ्याकडे पाठ, आणि घरात पाय ठेवायच्या आधी साबणानं आंघोळ. आंघोळ झाली की मी विचारते, "काख पाहू." हे लाजतात, पण हात वर करतात.

एक गोष्ट मात्र मला कोणी सांगितली नव्हती. अठरा वर्षं हा माणूस मला अबोल वाटायचा. अबोल कसला, तोंडच मोकळं नव्हतं. आता ओट्यावर बसले की यांची टकळी सुरू होते: बैल, पाऊस, पोरीचा अभ्यास, सलीमभाईंचा नवा पंप. पोळी तव्यावर करपते तरी थांबत नाहीत. मधेच माझा चेहरा पाहून विचारतात, "काहून, जास्त बोलून राह्यलो का?"

मी तवा खाली उतरवते, जवळ येऊन बसते आणि म्हणते, "बोला."