ओवीतलं नाव

माझ्या आत्याची एकुलती एक लेक नऊ वर्षांची असताना तापानं गेली. फोटो एकही नाही. तेव्हा खेड्यात पोरींचे फोटो कोण काढतंय? राहिलं ते तिचं नाव, तेही आत्याच्या एका ओवीत. आणि ते मी खोडलं.

केजजवळच्या आमच्या गावात मास्तरकी करता करता मी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करत होतो. पुस्तक काढायचं होतं ना! दीडशहाणा कुठला. आत्यानं ती ओवी म्हटली. मी विचारलं, "ही तूच रचली का गं?"

ती हसली. "रचायला मी काय पंडित हाय? जात्यावर बसलं की सुचतं, बाबा."

आमच्याकडं कुठलीही बाई असंच म्हणते. ओवी माझी म्हणणं म्हणजे मिरवणं. हे लहानपणापासून ठाऊक असून मी तिचं म्हणणं खरं धरलं आणि खाली लिहिलं: पारंपरिक.

मग नाव खुपायला लागलं. परंपरेच्या ओवीत एका घरातल्या पोरीचं नाव कसं चालेल? लाडक्या लेकीला ओव्यांत 'मैना' म्हणतातच. दिलं बसवून:

सरलं माझं दळण, पीठ भरलं सुपात
मैना माझी गं न्हाई, हाक कुणाला घरात

आत्याला वाचता येत नाही. पुस्तक आल्यावर मीच वाचून दाखवलं. ही ओवी आली तशी ती पुढं सरकली, ऐकलं आणि पुन्हा मागं टेकली. मीही, वा रे मी, पान उलटलं.

दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा कुठं माझे डोळे उघडले. मोबाइल घेऊन तिच्याकडं गेलो. म्हटलं, "आत्या, ही ओवी आता तुझ्या नावावर छापतो. पहिल्यासारखी म्हण."

तिनं डोळे मिटून म्हटली. मैना माझी गं न्हाई.

मी मोबाइल खाली ठेवला. "अगं, मैना न्हाई! तिचं नाव घे ना. तू तिचंच नाव घ्यायचीस."

"पुस्तकात मैनाच हाय न्हवं?"

"ते माझं चुकलं, आत्या."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मलाच समजावत होती.

"तुजं कसं चुकंल? तू शिकलेला हायस. इतकी वर्सं मलाच नीट म्हणता येत न्हवती."